घरगुती संगणकाचे प्रात्यक्षिक कसे रचावे : अमिगाचा चेंडू

घरगुती संगणकाची दृक्‌श्राव्य क्षमता ग्राहकाला पटवायची असेल, तर तपशीलांचा तक्ता बाजूला ठेवून आधी पडद्यावर काय हलवायचे ते ठरवावे. याचा उत्तम नमुना म्हणजे १९८४ च्या जानेवारीत अमेरिकेतील ग्राहक-इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात अमिगा या घरगुती संगणकाच्या निर्मात्यांनी दाखवलेला लाल-पांढऱ्या चौकटींचा उसळता चेंडू.

प्रात्यक्षिकासाठी असे दृश्य निवडावे, जे यंत्राच्या खास इलेक्ट्रॉनिक मंडलांना (सर्किटांना) सहज पेलते, पण पाहणाऱ्याला अशक्य वाटते. अमिगाचा चेंडू प्रत्यक्षात पुन्हापुन्हा रेखाटला जात नव्हता. रंगतक्त्यातील, म्हणजे चित्रासाठी ठरवलेल्या रंगांच्या यादीतील, रंग क्रमाने फिरवल्यामुळे तो स्वतःभोवती फिरल्याचा भास होई आणि चित्राचा थर सरकवल्यामुळे तो उसळे, त्यामुळे मुख्य प्रोसेसर जवळपास मोकळाच राही. ही हातचलाखी खरी, पण फसवणूक नव्हे, कारण ती सोय यंत्रातच होती.

ध्वनी शेवटी चिकटवू नये. चेंडूच्या आदळण्याचा घुमणारा आवाज गॅरेजच्या दारावर केलेल्या आघाताच्या ध्वनिमुद्रणातून घेतला होता, आणि त्याने चेंडूला वजन आले.

यानंतर ओळखीचा माणूस यंत्रासमोर बसवावा. २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये कमोडोर या कंपनीने अमिगा सादर केला, तेव्हा चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी गायिका डेबी हॅरी यांचे चित्र त्यावर सर्वांसमक्ष रंगवले. अर्थात, असा पाहुणा बोलावण्यापूर्वी सॉफ्टवेअर कुठे अडखळते याची तालीम झालेली असावी.