गवा गाईचा की म्हशीचा?

दाजीपूरला सहल नेली आणि गवा दिसला की पोरांपैकी कुणीतरी ओरडतंच, "सर, रानरेडा!" तेव्हा मी गप्प बसतो. कोल्हापुरात परतल्यावर फळ्यावर प्राण्यांच्या नात्यांचं झाड काढतो आणि वर तीन टोकं लिहितो: म्हैस, गवा, गाय. गवा आणि गाय यांच्या रेघा खाली एका बेचक्यात, म्हणजे दोघांच्या सामायिक पूर्वजापाशी, मिळतात. म्हशीची रेघ त्याच्याही खाली येऊन मिळते.

आता गव्यावर बोट ठेवा आणि रेघेवरून खाली उतरा. पहिल्या बेचक्यात गाय भेटते, दुसऱ्यात म्हैस. आधी भेटेल ते जवळचं. गवा काळा दिसो नाहीतर रेड्यासारखा, तो गाईच्या घरचा. शास्त्रीय नावातही दोघं 'बॉस', म्हणजे लॅटिनमधला बैल, साहेब नव्हे.

"पण सर, फळ्यावर म्हैस गव्याच्या शेजारी आहे की!" हा प्रश्न दरवर्षी येतो. त्यासाठी मी बाइंडिंग तारेचं झाड केलंय, टोकांना पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. वरचं बेचकं पिळलं की गवा आणि गाय जागा बदलतात, म्हशीशेजारी गाय येते. नातं तेच राहतं, कारण सांधा हललेला नसतो. म्हणून वरच्या ओळीतला शेजार बघूच नका.

गट ओळखायला मनातल्या मनात कात्री घ्या. फांदी एकदाच कापायची. जे खाली पडेल तो पूर्ण गट. गाय, डुक्कर आणि पाणघोडा एका कापात पाडायला जा, सोबत देवमासाही पडतो! इथे पोरं हसतात. पण पाणघोड्याचा आजचा सगळ्यात जवळचा नातलग देवमासाच, डुक्कर नव्हे. देवमासा खुरवाल्यांतलाच, याचा पुरावाही आहे: जम्मू-काश्मीरच्या खडकांत जीवाश्मरूपात सापडलेला इंडोह्यस हा मांजराएवढा, खुरांचा प्राणी. त्याच्या कानाजवळचं हाड देवमाशासारखं जाड निघालं, असं २००७ साली प्रसिद्ध झालं. देवमाशाला बाहेर ठेवून 'खुरवाले' म्हणायचं असेल तर कात्री दोनदा चालवावी लागते. तो गट अर्धवट.

बेचकी मोजत बसू नका, बारावीचीही पोरं तिथे फसतात. काही शाखांवर जास्त प्राणी दाखवले म्हणून बेचकी वाढतात, नातं लांबत नाही.

आता तरस, कुत्रा, मांजर अशी टोकं घ्या; तरस आणि मांजर यांच्या रेघा वरच्या बेचक्यात मिळतात, कुत्र्याची त्याच्या खालच्या. तरस कुणाला आधी भेटतो? कुत्रा म्हणालात तर पुन्हा बोट ठेवा. तो मांजराच्या बाजूचा आहे.