वाडीची आगोट

घरची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. तांदूळ, सुकी मासळी, कुळथाचं पीठ, जळाऊ लाकडं, सगळं मे संपायच्या आत माळ्यावर किंवा पडवीत जातं. वाडीची, म्हणजे घराजवळच्या झाडांच्या बागेची, आगोट मात्र राहून जाते. तेव्हा आंबे उतरवायची घाई असते, आणि झाडं तर हिरवीगार दिसत असतात. आमच्या सिंधुदुर्गात रुजलेलं झाड उन्हाने सहसा मरत नाही. उन्हाळ्यात त्याच्या अंगावर झालेल्या जखमा उघड्या राहतात, जूनपासून चार महिने त्यांत ओल मुरते आणि झाड तिथून जातं. त्यामुळे कोयता-करवतीचं सगळं काम मिरगाआधी, कोरड्या दिवसांत. आमच्याकडे त्याची हद्द 25 मे. त्यानंतर वळवाचा भरवसा नाही.

सगळ्यात आधी बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, कारण पुढचं निम्मं काम त्याच्यावर अडतं. फवारणीसाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी. तेवढाच मोरचूद आणि चुना 10 लिटर पाण्यात कालवला की जखमांना लावायची पेस्ट होते. मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून पाण्यात लोंबता ठेवावा, सकाळपर्यंत विरघळतो. पिंपं प्लास्टिकची घ्यावीत, लोखंडी किंवा पत्र्याची नकोत. चुन्याचं आणि मोरचुदाचं पाणी वेगवेगळं करून तिसऱ्या पिंपात एकदम ओतत ढवळायचं. मग घासून लखलखीत केलेली सुरी त्यात मिनिटभर बुडवून बघायची. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, गाळलेली निवळी आणखी घालावी. ही परीक्षा न करता फवारलं तर कोवळी पानं करपतात. आणि केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. उद्यासाठी झाकून ठेवायला ती आमटी नव्हे.

पेस्ट तयार आहे तर आंब्याच्या कलमांकडे वळू. आंबा उतरवताना मोडलेल्या फांद्या, वाळलेली शेंडं, आतल्या बाजूला एकमेकांवर घासणारे फाटे काढून टाकावेत. काप तिरका आणि गुळगुळीत हवा, म्हणजे पाणी थांबत नाही. त्यावर लगेच पेस्ट. बुंध्यालाही हातभर-दोन हात उंचीपर्यंत लावून घ्यावी. बांडगूळ नुसतं ओरबाडून काही होत नाही. त्याची मुळं फांदीच्या आत शिरलेली असतात, म्हणून फांदी त्याच्या वीतभर खालून कापावी. पक्षी बांडगुळाचं फळ खाऊन चिकट बी पुढच्या फांदीवर पुसतात, तेव्हा फळ धरायच्या आत ते काढलेलं बरं. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला तर वर भोक शोधायचं. तो खोडकिडा. तारेचा आकडा घालून अळी ओढून काढायची, पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा आत सारायचा आणि भोक चिखलाने लिंपायचं. हे मे महिन्यातच करावं, कारण पावसाच्या तोंडावर भुंगेरे बाहेर पडून पुन्हा सालीत अंडी घालतात.

इथे स्वतःचा आळस सांगायलाच हवा. 2021च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा एका जुन्या कलमाची मोठी फांदी सालीसकट सोलवटून खाली आली. वीज नाही, रस्ते बंद, घराची कौलं उडालेली. त्यात झाडाच्या जखमेकडे कोण बघणार? दिवाळीत बघू म्हटलं. दिवाळीत बघितलं तेव्हा आतलं लाकूड बोटाने उकरता येत होतं. तेव्हापासून पेस्टचा डबा आणि ब्रश वाडीच्या दारातच टांगलेला असतो.

माडांचं गणित उलटं आहे. इथे कमी कापणं हीच तयारी. पाडेली (नारळ पाडणारा) वर चढला की तयार नारळ आणि वाळलेली चुडतं, म्हणजे झावळ्या, तेवढी उतरवायची. 'वारा लागू नये' म्हणून हिरवी झावळं तासून माडाची शेंडी करणारे शेजारी दरवर्षी दिसतात. ताज्या कापाच्या वासावर लाल सोंड्या भुंगा येतो आणि त्याचा पत्ता लागेपर्यंत माड आतून पोखरलेला असतो. खोडाला कान लावला तर चावल्याचा आवाज येतो म्हणतात ते खरं आहे, पण आवाज यायला लागला की उशीर झालेला असतो. झाव कापणं भागच असेल तर देठ चार फूट राखून कापावं. चढायला खोडाला खाचाही पाडू नयेत. नव्या पानावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले तर तो गेंड्या भुंगा. त्याचा जन्म वर नाही, खाली गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, होतो. म्हणून पावसाआधी गायरी पूर्ण उपसून खत झाडांना घालावं, उकरताना निघतील त्या पांढऱ्या जाड अळ्या कोंबड्यांपुढे टाकाव्यात. कोंबड्या हे काम फार मन लावून करतात. माडाच्या वरच्या दोन-तीन पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू निम्मी-निम्मी मिसळून भरली की भुंगा बसत नाही.

पोफळींना, म्हणजे सुपारीच्या झाडांना, मात्र वेळेची शिस्त लागते. कोळे हा कन्नड शब्द, अर्थ कुजणं. कोळेरोग आला की कोवळी सुपारी पाणी सुटल्यासारखी होऊन टपाटप गळते, आणि सतत पाऊस असेल तर दोन आठवड्यांत शिपटी, म्हणजे सुपारीचा घड, रिकामी. म्हणून पहिली बोर्डो फवारणी पाऊस सुरू व्हायच्या आत, शिपट्यांवर नीट बसेल अशी, चिकटवा घालून. गेल्या वर्षीच्या वाळून लटकलेल्या शिपट्या आधी उतरवून जाळायच्या. रोग तिथेच मुक्कामाला असतो. दोन-चारच पोफळी असतील तर शिपट्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या तरी चालतं.

जमिनीचं काम कंटाळवाणं म्हणून थोडक्यात. उन्हाळ्यात पाणी धरायला केलेली आळी आता एका बाजूने फोडून द्यायची. पोफळीच्या ओळींमधले चर पातेरा (गळलेली पानं) आणि गाळ काढून उतारापर्यंत मोकळे करायचे, गडग्याखालची, म्हणजे दगडी कुंपणाखालची, मोरी तपासायची. पातेऱ्याचं आच्छादन ठेवावं, पण बुंध्यापासून हातभर लांब. बुंध्याला चिकटलेला ओला पातेरा साल कुजवतो. खत पहिल्या एक-दोन सरी मुरल्यावर, बुंध्याला न भिडवता झाडाच्या सावलीच्या कडेने चर मारून द्यावं. नव्या रोपांना काठी, बांधायला सुती चिंधी, सुतळी काचते.

वाऱ्याचा विचार शेवटी. 3 जून 2020ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धनच्या बाजूच्या पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. तसल्या वाऱ्यापुढे कुठली छाटणी पुरणार? पण एका बाजूला ओझं झालेलं कलम आधी हलकं केलं तर साध्या वाऱ्यात ते उभं राहतं. विजेच्या तारांवर आलेली फांदी स्वतः तोडायची नाही, वायरमनला सांगून, प्रवाह बंद करूनच.

आणि कॅलेंडरवर आताच खूण करून ठेवायची. पोफळींची दुसरी फवारणी पहिलीनंतर 40 ते 45 दिवसांनी, म्हणजे जुलैत कुठेतरी. तेव्हा दोन कोरडे तासही मागून मिळत नाहीत, म्हणून मोरचूद आणि चुना दोन्ही वेळचा आत्ताच आणून, चुना हवाबंद डब्यात, माळ्यावर टाकायचा. तांदळाच्या पोत्यापासून जरा लांब.