पन्हाळा पाठ असलेल्यांनी ओकिनावातले गुसुकु कसे पाहावेत

जपानमधल्या ओकिनावातल्या गुसुकुवर, म्हणजे तिथल्या टेकडीगडावर, गेलात तर वाडा, दरबार, महाल शोधत बसू नका. लाकडी इमारती केव्हाच गेल्या. उरलेत ते तट, कमानी, विहिरी, जोत्याचे दगड आणि देवस्थाने. तट वाचता येणाऱ्याला तिथे अर्धा दिवस कमी पडतो. ज्याला वाचता येत नाही तो वीस मिनिटांत समुद्राचे फोटो काढून गाडीत येऊन बसतो. गडकोटांवर फिरणाऱ्या कोल्हापूरकराची नजर तयार असते, तिला फक्त थोडे वळण द्यावे लागते. हे टिपण त्यासाठीच.

गुसुकु म्हणजे रियुक्यू बेटांवरचे टेकडीगड. चौदाव्या-पंधराव्या शतकात ओकिनावा बेटावर उत्तरेला होकुझान, मध्यभागी चुझान आणि दक्षिणेला नानझान अशी तीन राज्ये होती. १४२९ मध्ये चुझानने तिन्ही एकत्र केली आणि रियुक्यू राज्य उभे राहिले. नाकिजिन, झाकिमी, कात्सुरेन, नाकागुसुकु आणि शुरी हे पाच गुसुकु २००० साली जागतिक वारसा यादीत गेले. आपला पन्हाळा त्या यादीत आला २०२५ मध्ये, मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून.

आकाराची कल्पना आधीच करून घ्या. पन्हाळ्याचा घेर सात किलोमीटरच्या आसपास, तर गुसुकु तासा-दोन तासांत फिरून होतो. टेकड्या समुद्रसपाटीपासून शंभर ते पावणेदोनशे मीटर. गाडी पायथ्यापर्यंत जाते, त्यामुळे दम लागत नाही. त्रास होतो तो उन्हाचा आणि निसरड्या दगडांचा.

कधी जावे

नोव्हेंबर ते एप्रिल. हिवाळ्यात दिवसाचे तापमान साधारण १५ ते २० अंशांच्या घरात असते, पण उघड्या टेकडीवर वारा झोंबतो, तेव्हा वाऱ्याला अडवणारे पातळ जाकीट असू द्या. मेच्या पूर्वार्धात पावसाळा सुरू होतो तो जूनच्या शेवटापर्यंत चालतो. जुलै ते ऑक्टोबर वादळांचे दिवस, त्यातही ऑगस्ट-सप्टेंबर जास्त धोक्याचे. वादळ आले की विमाने, बस आणि गड सगळेच बंद होते. त्या काळातच जावे लागत असेल तर परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. नाकिजिनला चेरीचा बहर पाहायचा असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीची सुरुवात धरा. जपानच्या मुख्य बेटांच्या कितीतरी आधी तो इथे येतो.

कोल्हापुरातून करायची तयारी

व्हिसा, तिकिटे नेहमीसारखीच. नाहा हे ओकिनावाचे विमानतळ. टोकियो किंवा ओसाकाहून देशांतर्गत विमान मिळते, तैपेई आणि हाँगकाँगहूनही थेट विमाने आहेत. मुंबईहून रात्रीचे विमान असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरून दिवसभर विसावा घेता येतो.

खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे गाडी. नाहातली मोनोरेल शुरीपर्यंत उपयोगाची, बाकीच्या चार गुसुकुंना ती जात नाही. बस आहेत, पण त्या गडापासून दूर सोडतात आणि दोन बसमधले अंतर बरेच असते. बसने गेल्यास दिवसाला एकच गुसुकु धरा. भाड्याची गाडी घेतली तर मधल्या भागातले तीन गुसुकु एका दिवसात होतात. त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. भारताचा हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा असतो आणि जपानला तोच चालतो. तो एक वर्षापुरता असतो, म्हणून फार आधी काढून ठेवू नका. गाडी घेताना तो, मूळ लायसन आणि पासपोर्ट अशी तिन्ही कागदपत्रे दाखवावी लागतात. एक जरी घरी राहिले तरी गाडी मिळत नाही.

वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. (१९७८ च्या ३० जुलैपर्यंत इथे उजवीकडून होती, अमेरिकी ताब्यातून परत आल्यावरही काही वर्षे तशीच राहिली.) तरीही दोन सवयी मोडाव्या लागतात. लाल दिवा असताना डावीकडे वळता येत नाही. आणि उलट्या लाल त्रिकोणाची पाटी दिसली की गाडी पूर्ण थांबवायची, चाक फिरता कामा नये. पावसात वेग आणखी कमी करा. इथल्या डांबरात प्रवाळी चुनखडीची खडी असते, ती झिजून गुळगुळीत होते आणि ओली झाली की चाके घसरतात. गाडीतल्या नकाशात इंग्रजी नावे नीट सापडत नाहीत. त्या जागेचा फोन नंबर किंवा मॅपकोड (जागेचा आकडी संकेत) टाकला की नेमक्या वाहनतळावर पोचवतो. हे दोन्ही आकडे घरूनच वहीत उतरवून न्या.

बूट आपल्या पावसाळी ट्रेकचेच, खोल नक्षीच्या तळव्याचे. चप्पल नको. गॉगल हवाच, कारण दगड पांढरट आहे आणि दुपारी डोळे दिपतात. वर सावली नाही, पाणी विकतही मिळत नाही. उन्हाळ्यात माणशी दीड लिटर पाणी न्या. खाली वाहनतळाजवळ पेयांची यंत्रे असतात, त्यासाठी शंभर येनची नाणी खिशात ठेवा. खाण्याचे म्हणाल तर ओकिनावाच्या नूडल्सचा रस्सा डुकराच्या हाडांचा आणि सुक्या माशांचा असतो, त्यामुळे शाकाहारी माणसाची पंचाईत होते. भडंग, चिक्की, शेंगदाणा पोळी बरोबर असू द्या. मटणाचे लोणचे मात्र घरीच ठेवा, मांसाचे पदार्थ जपानात नेता येत नाहीत. ताज्या मिरच्या आणि कढीपत्त्याच्या नादालाही लागू नका.

एका दिवसाचा मार्ग: झाकिमी, नाकागुसुकु, कात्सुरेन

हा क्रम आम्ही मुद्दाम सुचवतो. गोसामारू नावाच्या सरदाराने पंधराव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत झाकिमी बांधला. पुढे १४४० च्या सुमारास शुरीच्या राजाने त्याला नाकागुसुकुला आणले, कारण समोरच्या कात्सुरेनचा सरदार आमावारी डोईजड होत चालला होता. परंपरेने सांगतात ते असे की गोसामारू बंड करणार अशी चुगली आमावारीने राजाकडे केली. शुरीची फौज चालून आली तेव्हा गोसामारूने राजावर शस्त्र न उचलता स्वतःचा जीव दिला. मग आमावारीचा डाव त्याच्याच बायकोमुळे, म्हणजे राजाच्या मुलीमुळे, उघडा पडला आणि कात्सुरेनही पडला. हे सगळे १४५८ चे. या क्रमाने फिरलात तर प्रत्येक गड कोणाच्या धाकाने उभा होता हे जागेवरच समजते.

झाकिमी सकाळी लवकर. गडावर तिकीट नाही, शेजारच्या संग्रहालयाला आहे. पाइनच्या झाडीतून पाच मिनिटांत दारात. गड लहान, दोनच आवारे, पण तटाची वळणे बघण्यासारखी. तट नागमोडी का? खालची लाल माती कच्ची आहे. सरळ पातळ भिंत तिथे टिकली नसती, म्हणून भिंती जाड केल्या आणि वळवल्या. शिवाय दाराशी आलेला शत्रू दोन्ही बाजूंनी माऱ्यात सापडतो.

आता कमानीखाली उभे राहून वर पाहा. पन्हाळ्याच्या तीन दरवाजाच्या कमानीत अनेक घडीव दगड एकमेकांना दाबून धरतात. इथे माथ्यावर दोन मोठे कोरीव दगड समोरासमोर येतात आणि त्यांच्या मधल्या सांध्यात एक छोटी दगडी पाचर बसवली आहे. पुढे-मागे दोन्ही अंगांनी बघा, ती लगेच लक्षात येत नाही. तटावर चढायचे ते पायऱ्या करून दिल्या आहेत तिथूनच. महायुद्धात या टेकडीवर जपानी विमानविरोधी तोफा होत्या, नंतर अमेरिकी रडार आले. आज दिसणाऱ्या तटाचा बराच भाग त्यानंतर दुरुस्त केलेला आहे.

नाकागुसुकुला किमान दोन तास द्या. साडेआठला उघडतो, तिकीट काही शे येनचे. दगडकाम शिकायचे तर हाच गड. सहा आवारे एका कण्यावर ओळीने आहेत आणि तीन प्रकारची बांधणी शेजारी-शेजारी पाहायला मिळते. दक्षिणेच्या आवारात साधी रचना: फोडलेले दगड जसे मिळाले तसे, मधल्या फटींत चिपा. आपल्या शेताच्या बांधावरचा गडगा तोच, फक्त उंच. पहिल्या आणि दुसऱ्या आवारात चिरे चौकोनी घडवून आडव्या थरांत रचलेत. तिसऱ्या आवारात दगड पाच-सहा कोनांचे, प्रत्येक शेजाऱ्याच्या मापाने घासून बसवलेला. हे आवार गोसामारूने वाढवले असे मानतात. इथला आडवा थर शोधायचा प्रयत्न करा. सापडत नाही, आणि बळकटी त्यातच आहे. सरळ सांधा नसला की वजन एका रेषेत उतरत नाही, भिंत फाटत नाही.

कुठेही चुना नाही. पन्हाळ्यावर चुन्याने जे काम केले ते इथे घडाईने केले आहे. दगड प्रवाळी चुनखडी, बसाल्टच्या मानाने मऊ, त्यामुळे छिन्नीला दाद देतो. पण तोच पावसात झिजतो आणि शेवाळला की साबण लावल्यासारखा होतो. पायरीवर पाय आडवा ठेवा, उतरताना घाई नको. तटाला टेकून फोटो काढू नका: चुना नसलेल्या भिंतीतला एक चिपा निघाला तर त्यावरचा भार सरकतो. तटाच्या दुरुस्तीसाठी अधूनमधून एखादे आवार बंद असते, तिकीट घेतानाच विचारा.

ऊन तिरपे असताना, म्हणजे दहाच्या आत किंवा चारनंतर, सांधे उठून दिसतात. भर दुपारी सगळा तट सपाट पांढरा दिसतो आणि तिन्ही बांधण्या सारख्याच वाटतात. बहुतेकांची निराशा होते ती या चुकीच्या वेळेमुळे. झाकिमी लवकर उरकून साडेआठला इथल्या दारात हजर राहायचे ते म्हणूनच. मग मागच्या दाराच्या बाजूला उत्तरेच्या आवारातली विहीर पाहा. पाणी तटाच्या आत घेतले आहे, वेढ्याची भीती ओळखून. १८५३ मध्ये पेरीच्या अमेरिकी आरमाराची तुकडी इथे आली होती, त्यांनी गडाची मापे घेतली आणि या बांधकामाची तोंड भरून तारीफ केली. निघण्यापूर्वी वरच्या आवारातून पूर्वेकडे पाहा. खाडीपलीकडच्या द्वीपकल्पावर कात्सुरेन दिसतो.

कात्सुरेन दुपारनंतर. पायऱ्या उंच, मधे झिजलेल्या, कडेला आधार कमी. गुडघे दुखत असतील तर काठी न्या. आवारे टप्प्याटप्प्याने चढत जातात. खालच्यात विहिरी, मधल्यात जोत्याचे दगड, माथ्यावर लहानसे आवार आणि दोन्ही बाजूंना समुद्र. व्यापारावर वाढलेला गड तो हाच. चिनी भांड्यांचे ढीग इथे निघाले, कौलारू छपराच्या खुणा निघाल्या, आणि २०१६ मध्ये जाहीर झालेली रोमन व ऑटोमन नाणीही. जोत्याच्या दगडांतले अंतर पावलांनी मोजा. इमारत किती मोठी होती ते कळते.

देवस्थाने आणि साप

प्रत्येक गुसुकुत उताकी असते. दगडांचा छोटा चौथरा, त्यापुढे चौकोनी धूपपात्र, कधी नुसतेच झाड. मूर्ती नाही, घुमट नाही, म्हणून परका माणूस त्यावर सॅक ठेवून बसतो. आपल्या देवराईत जसे वागतो तसे वागा. तिथे आजही पूजा होते. चपट्या काळ्या उदबत्त्या ठेवलेल्या दिसतील, त्या हलवू नका. कोणी प्रार्थना करत असेल तर कॅमेरा खाली, आणि त्यांच्या समोरून जाऊ नका. गडावरचा खडा, खापराचा तुकडा, प्रवाळ काही उचलू नका.

हाबू नावाचा विषारी साप दगडांच्या फटींत राहतो. घोणस, फुरसे माहीत असलेल्याला वेगळे सांगायला नको: फटीत हात घालायचा नाही, उंच गवतात शिरायचे नाही, अंधार पडल्यावर वाटेबाहेर जायचे नाही. चावलाच तर ११९ ला फोन करा, धावू नका, चीर देऊ नका.

नाकिजिन आणि शुरी

नाकिजिन वेगळ्या दिवशी. नाहाहून ८५ ते ९० किलोमीटर, द्रुतगती मार्ग क्योदाला संपतो आणि पुढचा रस्ता हळू जातो. एकूण दोन तास धरा. हा होकुझानच्या राजाचा गड, १४१६ मध्ये पडला. तट सुमारे दीड किलोमीटरचा, आणि दगड इतर ठिकाणचा नाही: जुनी, कठीण, करडी चुनखडी. घडवायला अवघड म्हणून ती फोडून तशीच रचली आहे. दारातून वर जाणाऱ्या रुंद सरळ पायऱ्या विसाव्या शतकातल्या. त्यांच्या बाजूने अरुंद, खडबडीत जुनी वाट जाते. चढताना ती घ्या, दोनपेक्षा जास्त माणसे शेजारी मावत नाहीत आणि बांधणाऱ्याला तेच हवे होते. उतरताना पायऱ्या बऱ्या.

शुरीला शेवटी जा. तिथली मुख्य इमारत ३१ ऑक्टोबर २०१९ ला जळाली, मग ती पुन्हा उभारायला घेतली. २०२६ मध्ये ती पूर्ण करायचे ठरले होते. लाकूड, लाख आणि कौले कशी दिसत असतील हे इथे कळते, म्हणून कात्सुरेनची जोती पाहून झाल्यावर इथे यावे. नाहात मुक्काम असेल तर मोनोरेलने शुरी स्टेशन, तिथून पंधरा मिनिटे चालत. गाडी आदल्या रात्रीच परत करा. त्या भागात वाहनतळ लवकर भरतो.