मराठवाड्यातल्या गावाचा इतिहास लिहायचाय? आधी दप्तर बघा

गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढायची म्हटलं की पहिलं पान पांडवांना जातं. त्यांनी एका रात्रीत देऊळ बांधलं आणि कोंबडा आरवला म्हणून कळस राहिला, अशी कथा जवळपास प्रत्येक हेमाडपंती देवळामागे आहे. दुसऱ्या पानावर थेट ग्रामपंचायत स्थापन होते. मधली सहा-सातशे वर्षं कोरी! ती भरायची तर उलटं चालावं लागतं, आजच्या सातबाऱ्यापासून मागे.

आधी शोधा, 1948 पूर्वी गाव नेमकं कोणाच्या अमलात होतं. 'निजामाच्या' एवढं उत्तर पुरत नाही. काही गावं दिवाणी म्हणजे खालसा, थेट सरकारच्या ताब्यातली होती, काही सर्फ-ए-खास म्हणजे निजामाच्या खासगी मालकीची, काही पायगा अमीरांची म्हणजे निजामासाठी फौज ठेवणाऱ्या सरदारांची, तर काही जहागिरीतली. जहागिरी 1949 मध्ये मोडल्या. तोपर्यंत त्या गावांचा वसूल आणि दप्तर जहागीरदाराकडे असायचं. त्यामुळे तहसीलच्या अभिलेख कक्षात 1949 आधीचा कागद मिळाला नाही, तर गाव नवं आहे असं समजू नका.

मग जिल्हा बघा. उदगीर, निलंगा, अहमदपूर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादमध्ये. जालना 1981 मध्ये औरंगाबादपासून वेगळा झाला, पण त्यातलं परतूर परभणीचं. लातूर 1982 मध्ये उस्मानाबादमधून निघाला, हिंगोली 1999 मध्ये परभणीतून. म्हणजे उदगीर भागातल्या गावाचे 1931 च्या जनगणनेतले आकडे लातूरखाली शोधणं हा नुसता वेळेचा चुराडा.

आता अर्ज. भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशा, टिपण (मोजणीचं कच्चं रेखाटन), फाळणी (पोटहिश्श्यांचा नकाशा) आणि सेतवार (सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि आकाराची यादी) मागा. तहसीलमध्ये 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे शेतवार कब्जा आणि पिकांची नोंद, आणि गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. देऊळ, मशीद किंवा दर्ग्याची इनाम जमीन असेल तर मुंतखब, म्हणजे इनामाचा निकालपत्र-कागद, विचारा. इनाम कोणाला, कोणत्या सेवेसाठी दिलं हे त्यात असतं. 'सर्व जुनी कागदपत्रे मिळावीत' असा अर्ज नुसता टेबलं फिरत राहतो. गावाचं जुनं नाव, त्या वेळचा तालुका, सर्व्हे नंबर आणि साल लिहा. आजच्या सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी गट नंबर असतो, जुन्या कागदांवर सर्व्हे नंबर. दोन्हींचा जुळवणी तक्ता आधी घ्या, नाहीतर दुसऱ्याच शेताचा इतिहास लिहून बसाल.

सर्वांत जास्त घोळ होतो सनात. निजामी कागदांवर फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, असतं. ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं. इसवी साल काढायला आजूर आणि दे या पहिल्या दोन महिन्यांतल्या तारखेच्या सालात 590 मिळवा, इस्फंदारपासून पुढे आबानपर्यंत 591. मधला बहमन डिसेंबरातला, पण त्याचं टोक जानेवारीत शिरतं, तेव्हा तारीख बघूनच ठरवा. फसली 1357 म्हणजे ऑक्टोबर 1947 पासूनचं वर्ष. सप्टेंबर 1948 ची पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय सैन्याने निजामाचं संस्थान ताब्यात घेतलं ती कारवाई, त्यातच येते. हाच आकडा हिजरी असेल तर साल निघतं 1938-39. कागदावर 'फसली' की 'हिजरी' हे न बघता बेरीज केली, की दहा वर्षांची चूक पुस्तिकेत कायमची बसते. शके असेल तर चैत्र ते डिसेंबर 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुन 79.

उर्दू कागद वाचणारा माणूस जुन्या वळणाच्या घसटलेल्या अक्षराला सरावलेला हवा. उर्दूत शून्य म्हणजे नुसता ठिपका. झेरॉक्समध्ये तो उडाला की सर्व्हे नंबर 120 चा 12 होतो. शक्य तिथे मूळ पानाचा रंगीत फोटो घ्या. गावाच्या नावाचं तसंच: उर्दूत तेर आणि तीर एकसारखंच लिहिलं जातं. शेजारच्या गावांची नावं त्याच पानावर जुळतात का, ते तपासल्याशिवाय नाव कायम करू नका. साऱ्याचे रुपये बहुधा हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या नाण्यात असतात. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. शेजारच्या इंग्रजी मुलखातल्या साऱ्याशी तुलना करण्याआधी हा हिशेब करा.

गाव नकाशावर 'बेचिराख' असा शेरा कुठे आहे का बघा. ओसाड पडलेल्या गावाची शीव तिथे असते. शेताचं नाव 'पांढरी' असेल तर तिथे जुनी वस्ती असण्याचा संभव मोठा. नांगरटीनंतर खापरं वर येतात. फोटो काढा, जागा टिपा, पण उकरू नका. थर विस्कटले की खापराचा काळ सांगणं तज्ज्ञालाही अवघड जातं.

वेशीजवळचे, मारुतीच्या पाराला टेकवलेले दगड वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराची स्मारकं असू शकतात. ते खालून वर वाचायचे: तळाला लढाई किंवा मेलेला वीर, मध्ये अप्सरा त्याला नेतायत, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. शेंदूर खरवडू नका, अक्षरांत खडू भरू नका. रात्री बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरली, तर दिवसा न दिसणारी ओळ उठून येते.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका. 'बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला जात होता का?', 'रझाकाराच्या वेळी केवढे होता?' असं विचारा. एकाच पारावर बसून सगळं गाव कळत नाही. पोलीस ॲक्शनबद्दल मुसलमान घरांत वेगळं विचारा. रझाकारांचा जुलूम खरा आणि त्यानंतर या घरांवर कोसळलं तेही खरं. 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वेळी काय घडलं ते बौद्ध वस्तीत जाऊनच विचारा, आणि पाटलाला बरोबर नेऊ नका. ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीनंतर सापडत नाहीत, त्यांच्यासाठी उन्हाळ्याचा शेवट धरा. बायकांशी बोलायला बाई हवी, एवढं सांगायला नकोच.

गाव उठलेलं असेल, जायकवाडीच्या पाण्यात गेलेलं किंवा 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं, तर जुन्या गावठाणाचा नकाशा माणसांकडून काढून घ्या. वेस, बारव, गढी, कोणाचं घर कोणाच्या भिंतीला लागून होतं. तीन वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या माणसांकडून तीन कागदांवर काढा आणि मगच एकत्र करा. एकत्र बसवलं तर मोठ्या आवाजाच्या माणसाचा नकाशा खरा ठरतो.

छापण्याआधी कच्चा मजकूर ग्रामसभेत वाचून दाखवा. कोर्टात चालू असलेल्या बांधाचा किंवा वारसाचा उल्लेख असेल, तर तो भाग आधीच काढून ठेवा.