मँचेस्टरला नवीन आलात? एक रविवार किंडरवर चला

मँचेस्टर, स्टॉकपोर्ट नाहीतर शेफील्डला नवीन आलेल्या आपल्या मंडळींना मी घर, बँक, जीपी (म्हणजे फॅमिली डॉक्टर) हे सगळं मार्गी लागलं की एकच सांगते, एखादा वॉकिंग ग्रुप पकडा. ऑफिसातली माणसं इथे वर्ष वर्ष हाय-हॅलोच्या पुढे सरकत नाहीत, पण तसलीच माणसं चिखलातून शेजारी चार तास चालली की स्वतःच्या घटस्फोटापासून कुत्र्याच्या ऑपरेशनपर्यंत सगळं सांगून मोकळी होतात. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून असेल.

रॅम्बलर्स ही १९३५ पासूनची संस्था, त्यांचे ग्रुप गावोगाव आहेत आणि मेंबर व्हायच्या आधी दोन-तीन वॉक फुकट करून बघता येतात. काही ग्रुपमध्ये सगळे रिटायर्ड असतात, काही खास विशी-तिशीतल्यांचे असतात, आधी बघून घ्या. आणि रिटायर्ड म्हणून हसू नका हं, सत्तरीतल्या आजी चढावर तुम्हाला मागे टाकून वर गप्पाही मारत जातात.

पहिला मोठा वॉक म्हणून पीक डिस्ट्रिक्टमधला किंडर स्काउट हा डोंगर मस्त. मँचेस्टर-शेफील्डमधल्या होप व्हॅली लाइनवर ईडेल स्टेशन आहे, मँचेस्टरहून पाऊण तासाच्या आसपास. फास्ट गाड्या तिथे थांबत नाहीत, त्यामुळे समोर आली ती गाडी पकडायची नाही, आणि परतीची वेळ सकाळीच बघून ठेवायची. नेहमीचा गोल रस्ता म्हणजे ईडेल, अपर बूथ, मग जेकब्ज लॅडरचा दगडी चढ, वर पठाराच्या दक्षिण कडेने वूलपॅक्सच्या विचित्र खडकांमधून ग्रिंड्सब्रुकला यायचं आणि खाली परत गावात. सगळं मिळून तेरा-चौदा किलोमीटर, म्हणजे थांबत थांबत पाच-सहा तास.

आता आपलं काय होतं, कळसूबाई १६४६ मीटर, किंडर जेमतेम ६३६, मग आपण म्हणतो हॅ, टेकडी आहे. चढ खरंच फार नाही. त्रास वर पोचल्यावर सुरू होतो. वर शिखर असं काही नाहीच, नुसतं सपाट माळरान, हीदरची झुडपं आणि पीटचा, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीचा काळा चिखल, त्यात पाण्याने कापलेल्या माणसाएवढ्या खोल घळी, एकीत उतरलं की दुसरी, आणि ढग खाली आला की दहा पावलांवरचं दिसत नाही. आपल्याकडे गडावर निदान बुरूज, तटबंदी, टाकं काहीतरी खूण असते, इथे चारी बाजूंना सारखंच. म्हणून मोबाइलवर विसंबू नका, रेंज जाते. लीडरकडे ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल१ नकाशा आणि होकायंत्र असतं, तो म्हणाला आज वर जायचं नाही तर वाद घालायचा नाही. कोणी पडलंच तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. ते सगळे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत.

कपड्यांचं थोडक्यात: जीन्स नको, कॉटन नको, भिजलं की वाळत नाही आणि वारा लागून दात वाजायला लागतात. वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, टोपी, हातमोजे, जुलैमध्येसुद्धा. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा टॉर्च हवाच. डबा न्या, पोळीभाजीचा रोल वूलपॅक्सच्या आडोशाला बसून खायला झकास लागतो. चिक्की वाटताना मात्र आधी विचारा, इथे शेंगदाण्याची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते.

ग्रुपमध्ये लीडरच्या पुढे जायचं नाही, सगळ्यात मागे एकजण ठरलेला असतो त्याच्याही मागे राहायचं नाही. आडोशाला जायचं असेल तर त्याला सांगून जा. गेट जसं होतं तसं ठेवायचं. आणि चहा करायला स्टोव्ह वगैरे पेटवू नका, पीट जमिनीखालून धुमसत राहतो, २०१८ मध्ये जवळच्या सॅडलवर्थ मूरवर आग लागली तेव्हा लष्कर बोलवावं लागलं होतं.

चालताना १९३२ ची गोष्ट कोणीतरी काढणारच, तर माहीत असू द्या. तेव्हा हे सगळं माळरान जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेलं, गिरणी-कारखान्यातल्या कामगारांना पाय ठेवायला बंदी. २४ एप्रिलला हेफील्डच्या बाजूने बेनी रॉथमन नावाच्या विशीतल्या पोराच्या पुढाकाराने शेकडो जण मुद्दाम वर चढले, राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं नॅशनल पार्क झालं, आणि २००० च्या कायद्याने असल्या माळांवर पायवाट सोडूनही फिरायचा हक्क मिळाला. मध्य मुंबईच्या गिरण्यांच्या आसपास वाढलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट जरा जास्तच जवळची वाटते.

खाली उतरलं की पब, आणि हा भाग टाळून स्टेशनकडे पळू नका, खरी ओळख इथेच होते. ईडेलला ओल्ड नॅग्ज हेड आहे, पेनाइन वे ही स्कॉटलंडपर्यंत जाणारी लांब पायवाट तिथूनच सुरू होते. दारातच बूट काढा नाहीतर वरून पिशव्या चढवा, चिखलाचे बूट चालतात की नाही ते दारावर लिहिलेलं असतं. टेबलावर बसून वेटरची वाट बघत राहाल तर संध्याकाळ होईल, ऑर्डर बारवर जाऊन द्यायची. तिथे रांग दिसत नाही पण असते, कोण आधी आलं ते सगळ्यांना बरोब्बर माहीत असतं. टिप द्यायची गरज नाही.

दारू पीत नसाल तर बिनधास्त लाइम अँड सोडा घ्या, कोणी आग्रह करत नाही, आपल्या लग्नातल्या जिलबीसारखा तर मुळीच नाही. पण राउंडचं समजून घ्या. एकजण सगळ्यांसाठी आणतो, मग दुसरा. एकदा त्यात शिरलात की तुमची पाळी येणार, आणि पाळीच्या वेळी गायब होणाऱ्याची आठवण लोक फार दिवस ठेवतात. नको असेल तर सुरुवातीलाच म्हणा, मी माझं घेते. कोणी वाईट मानत नाही.

शाकाहारी पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) बहुतेक ठिकाणी मिळतो, पण त्यावरची ग्रेव्ही मटणाची नाही ना ते विचारा, आणि चिप्स (इथे म्हणजे बटाट्याचे तळलेले तुकडे) मासे तळलेल्याच तेलात तळतात का तेही. काही पबमध्ये दुपारी किचन बंद असतं, मग क्रिस्प्सवर, म्हणजे आपल्या वेफर्सवर भागवावं लागतं. स्वतःचा डबा मात्र पबमध्ये उघडू नका.

घरी आल्यावर बुटांत जुने पेपर कोंबा, हीटरवर ठेवलेत तर चामडं तडकतं.