मसुदा वाचायला देताय? मग या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडायला गेलेल्या बायकांच्या आठवणी मी गेली सहा वर्षं गोळा करतेय, बीड, नगर, सोलापूरकडची गावं फिरून. प्रकाशक नाही, पाठीशी संस्था नाही, सुट्ट्या आणि एसटी एवढंच भांडवल. लिहून झालं तेव्हा वाटलं छापायच्या आधी लोकांना विचारावं की बाबांनो हे नीट मांडलंय का. विचारलं, आणि विचारण्यातच पार माती खाल्ली.

पहिलं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर ३१२ पानांची पीडीएफ एकदम ४० जणांना ढकलली, खाली लिहिलं ‘वेळ मिळाला की वाचा आणि कसं वाटलं ते मोकळेपणाने सांगा’. अकरा अंगठे आले, तीन ‘खूप छान’, एका मावशीचं ‘पेपरात येणार का गं?’, बाकी सामसूम. मला लोकांचाच राग आलेला, पण ए-फोर पान मोबाइलवर वाचायचं म्हणजे प्रत्येक ओळ बोटाने इकडून तिकडे सरकवत बसायचं, कोण करेल एवढं? आता ए-फाइव्ह पान, १४ पॉइंटचं अक्षर आणि एका वेळी एकच प्रकरण, वीसेक पानं. वयस्कर माणसांना झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल बाइंडिंग करून देते, ते लोक पेन घेऊन बसतात आणि समासात खरं काय ते लिहितात.

फाइल उघडल्यावर समोरच्याला नुसता चिन्हांचा चिवडा दिसतोय? मग तुमचं टायपिंग जुन्या फॉन्टमधलं आहे. माझी दोन प्रकरणं डीटीपीवाल्याने श्रीलिपीत केलेली, ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला काहीच वाचता येईना. युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा, आणि केल्यावर शब्दन्‌शब्द वाचा, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या हमखास भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात.

‘कसं वाटलं?’ हा प्रश्न मात्र कायमचा बाद करा. त्याला ओळखीचा माणूस ‘छान’शिवाय दुसरं काय बोलणार, उद्या लग्नात भेटायचंय. मी आता तीनच गोष्टी विचारते: वाचता वाचता कुठे बाजूला ठेवलंत, कुठला शब्द अडला, आणि दुसऱ्या दिवशी काय आठवत होतं. एका एमपीएससी करणाऱ्या पोराने सांगितलं, ताई मी पान ९ वर थांबलो, आणि ते मिलो म्हणजे कुणाचं नाव आहे का? अहो, अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, ज्यांनी तिच्या भाकरी खाल्ल्या ते अजून तोंड वाकडं करतात, पण विशीतल्या पोराला कुठून माहीत असणार? सुकडी (कामावर मिळणारा कोरडा पौष्टिक खाऊ), मस्टर (मजुरांचा हजेरीपट), मुकादम (मजुरांवर देखरेख करणारा), पाझर तलाव (पाणी जमिनीत मुरवायला बांधलेला), सगळ्याच शब्दांची तीच गत. मी हे शब्द इतके ऐकलेत की ते कुणाला अडतील असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि पान ९ का, तर सुरुवातीलाच मी रोजगार हमी योजनेचा इतिहास घातलेला, ती कल्पना मांडणारे वि. स. पागे, त्यांचा १९६५ चा सांगलीकडच्या विसापूरचा प्रयोग वगैरे, १६ पानं, म्हणजे छपाईच्या हिशोबात अख्खा एक फॉर्म. एक सर म्हणाले काढून टाक. काढलं. तर पुढची वाचक विचारते, या बायकांना पैसे कोण देत होतं? तिसरा म्हणाला परिशिष्टात टाक, तेही करून पाहिलं, परिशिष्ट कुणी उघडलंच नाही. महिनाभर मी नुसती पानं इकडची तिकडे करत होते. अडतंय कुठे ते वाचकाने बरोबर दाखवलेलं, तेवढं घ्यायचं होतं, तो उपाय सांगतो तो त्याच्या आवडीचा असतो. शेवटी ती पानं फोडली. मुकादमाने मस्टरवर नाव लावलं नाही म्हणून एक बाई रडते, तिथेच चार ओळीत सरकारी कामाचं काय ते सांगितलं, पुढे कुणी अडलं नाही.

विषय जाणणारा एक तरी वाचक हवाच हवा. मी सगळीकडे बिनधास्त ‘रोजगार हमीचं काम’ लिहिलेलं, महसूल खात्यातून रिटायर झालेल्या एका काकांनी लाल पेनाने गोल केलं, कायदा १९७७ चा, अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला, बहात्तर-त्र्याहत्तरची तुझी कामं बहुतेक दुष्काळी कामं आहेत. मी लगेच खुलासा द्यायला लागले की बायका सगळ्या कामांना हमीच म्हणतात हो. हीपण चूकच. खुलासा द्यायला लागलं की समोरचा माणूस गप्प होतो आणि पुढच्या चुका सांगतच नाही. वहीत लिहून घ्या, चहा पाजा, भांडण घरी येऊन स्वतःशी करा.

कव्हरचा पोल घेऊ नका, लोक रंग बघतात. मोबाइलवर नखाएवढं करून नाव वाचता येतंय का एवढंच विचारा.

पण सगळ्यात मोठा घोळ म्हणजे ज्यांच्या आठवणी, त्यांनाच मी सगळ्यात शेवटी विचारलं. त्यांना वाचता येत नाही म्हणून राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत होते. मग एका आजींच्या ओट्यावर बसून त्यांचं प्रकरण मोठ्याने वाचलं. दुसऱ्याच पानावर त्यांनी हात वर केला. ‘म्या कवा म्हनले गं व्यथित झाले? पोटात आग पडली हुती म्हनले म्या. आन सुकडी चांगली लागायची, तू वंगाळ का लिवलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, दुष्काळ म्हणजे सगळं वाईटच असणार असं मी परस्पर धरून टाकलेलं. नवऱ्याचं मुकादमाशी झालेलं भांडण काढायला सांगितलं, काढलं, मुकादमाची नातवंडं त्याच गल्लीत राहतात.

आजींचं प्रकरण आता पोटातल्या आगीपासूनच सुरू होतं. स्पायरलची नवी प्रत त्यांच्या नातवाकडे दिलीय, रोज रात्री जेवणं झाली की वाचून दाखवतो म्हणे, परवा फोनवर आजी सांगत होत्या की पोरगं मधली पानं गाळतंय. कुठली ते विचारायला रविवारी जायचंय.