5 व्होल्टवर धुके: चकती कोरडी पडू देऊ नका

घरी जोडलेले धुकेयंत्र सुरुवातीला फुसफुसते आणि मग नुसतेच थेंब गाळते. दोष बहुतेक वेळा सर्किटचा नसून वातीचा किंवा चकतीच्या बसवणीचा असतो.

लागणारे सामान: बारीक छिद्रांची 20 मिमी पिएझो चकती (विजेने कंप पावून पाण्याचे धुके करणारी, 113 किलोहर्ट्झ), तिला चालवणारा 5 व्होल्टचा ड्रायव्हर बोर्ड, चकतीभोवती बसणारी सिलिकॉन रिंग, कापसाची वात.

1. वात पाण्यात पूर्ण भिजवून घ्या. कोरडी वात पाणी उशिरा ओढते, तोवर चकती कोरडी चालते आणि तडकते.
2. चकतीचा फुगीर भाग बाहेर, वात आतून. वातीने नुसते टेकायचे, दाबायचे नाही. दाबली की कंपन मरते.
3. झाकण करकचून आवळू नका. कारण तेच.
4. वरच्या बाजूला पाणी साचले तर धुके थांबते. कापडाने टिपा.

बोअरचे पाणी नकोच; क्षारांनी छिद्रे बुजतात. बुजलीच तर चकती 10 मिनिटे पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवून धुवा, टाचणी लावू नका.

चालू असताना चकतीच्या तारांना हात लावू नका: बोर्डाला 5 व्होल्ट जात असले तरी तिथे व्होल्टेज बरेच जास्त असते.